कोळी : अवधूतांचा तेविसावा गुरू



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, अकरावा स्कंध, अध्याय ९, श्लोक २१.

एकच श्लोक आहे, पटकन वाचून होतो. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय. पृथ्वी, वारा, आकाश असे मोठमोठे गुरू होऊन गेलेत. कबुतर, अजगर, पिंगला, बाण करणारा कारागीर, साप हेही झाले. आता तेविसावा येतो तो ऊर्णनाभि, म्हणजे आपला कोळी. तो आपल्या आतून धागा काढतो, पसरतो, त्यावर विहार करतो आणि शेवटी तोच धागा गिळून टाकतो. महेश्वरही जगाचं तसंच करतो, असं अवधूत म्हणतो आणि पुढच्या गुरूकडे वळतो.

आपल्याकडे हा अवधूत म्हणजे दत्तात्रेयच. रोज दुपारची भिक्षा ते करवीरात घेतात अशी आपली श्रद्धा, आणि नरसोबाची वाडी तर आपल्याच जिल्ह्यात. त्यामुळे चोवीस गुरू हा आपल्यासाठी पाठ करायचा धडा नाही, घरातला विषय आहे. पण खरं सांगा, चोवीस नावं म्हणताना कोळ्यापाशी आपण किती थांबतो? भिंतीच्या कोपऱ्यात दिसला की झाडू हातात घेतो. म्हणून आज फक्त त्याच्यापाशीच बसू. आधी शब्द बघू, मग श्लोक.

मराठीत ‘कोळी’ म्हटलं की तीन चेहरे समोर येतात. एक आठ पायांचा. दुसरा समुद्रात जाळं टाकणारा. तिसरा वाल्या कोळी, रामनामाने वाल्मीकी झालेला. हे तिन्ही एका शब्दात कसे आले?

संस्कृतात ‘कौलिक’ म्हणजे विणकर. पंचतंत्रात एक विणकर लाकडी गरुडावर बसून विष्णूचं सोंग घेतो, ती गोष्ट आठवत असेल; तो ‘कौलिक’च. प्राकृतात त्याचं ‘कोलिअ’ झालं, आणि तिथेच या शब्दाला दोन अर्थ आले, विणकर आणि जाळं विणणारा किडा. पुढे मराठीने आपल्या सवयीप्रमाणे ‘ल’चा ‘ळ’ केला, जसं कमलचं कमळ, जालचं जाळं, तसं कोळी. म्हणजे आपण त्या किड्याला हाक मारतो तेव्हा खरं तर ‘विणकरा’ म्हणत असतो. उत्तरेत विणकर जातीला ‘कोरी’ म्हणतात. कबीर स्वतःला जुलाहा म्हणतात तसं कुठे कुठे कोरीही म्हणतात.

बाकीच्या भाषांनीही याला कामावरूनच ओळखलं. इंग्रजी ‘स्पायडर’ हा ‘स्पिन’ म्हणजे कातणे यातूनच आलेला. अमरकोशात याला चार नावं आहेत : लूता, तंतुवाय, ऊर्णनाभ, मर्कटक. तंतुवाय म्हणजे सरळ विणकरच. ऊर्णनाभ म्हणजे ज्याच्या बेंबीत लोकर आहे तो. किती गोड नाव आहे! मर्कटकावरून हिंदीची ‘मकडी’ आली; माकडाशी याचं नाव का जुळलं ते भिंतीवर उडी मारणारा छोटा कोळी बघितला की कळतं. लूता मात्र विषारी बाजूचं नाव. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात लूतांचे सोळा प्रकार दिलेत, आठ कष्टाने बरे होणारे, आठ असाध्य. त्यांचा जन्म कसा झाला? वसिष्ठ विश्वामित्रावर रागावले, त्यांच्या कपाळावरचा घाम कापलेल्या गवतावर पडला, त्यातून. अंगावर पुरळ उठलं की आजही घरातलं कुणीतरी ‘कोळी मुतला असेल’ म्हणतं, त्या बोलण्याचं नातं मला या लूतेशी वाटतं.

आता माणसं. कोळी समाजाचं नाव या विणकर-शब्दातूनच आलं की वेगळ्या वाटेने, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, म्हणून ‘दोघेही जाळं विणतात ना’ असं सोपं उत्तर मी देणार नाही. शिवाय सगळे कोळी मासेमारी करत नाहीत. देशावरच्या गावगाड्यात बारा बलुतेदारांत कोळी होता तो गावाला पाणी पुरवणारा. पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात भक्त पुंडलिकाचं मंदिर आहे, तिथले पुजारी महादेव कोळी समाजाचे. विठोबाला विटेवर उभं केलं त्याची पूजा ज्यांच्या हाती आहे, त्यांचं हे नाव. आणि वाल्या कोळ्याला हा समाज आपला महर्षी मानतो. आपण मात्र ‘वाल्याचा वाल्मीकी झाला’ म्हणताना कोळी शब्दाला नकळत वाल्याच्या बाजूला ठेवतो, वाल्मीकीच्या नाही. म्हणायची पद्धत आहे म्हणून सोडून देऊ नका, थोडा विचार करा.

(आणि हो, कोल्हापूरचा कोळ्याशी काही संबंध नाही. आपलं गाव कोल्हासुराच्या नावाचं, अंबाबाईने मारला तो. दरवेळी कुणीतरी विचारतंच.)

आता श्लोकाकडे. भागवताने हा दृष्टांत नव्याने काढलेला नाही. तो उपनिषदांतून आलाय, आणि गंमत म्हणजे तीन उपनिषदांत त्याचे तीन वेगळे उपयोग आहेत.

मुंडकात (१.१.७) अंगिरस ऋषी शौनकाला सांगतात की कोळी धागा सोडतो आणि परत घेतो, पृथ्वीतून वनस्पती उगवतात, जिवंत माणसाच्या अंगावर केस येतात, तसं अक्षर ब्रह्मातून हे विश्व येतं. तीन उपमा एकामागोमाग का? कारण एकीने काम भागत नाही. कोळी ठरवून विणतो आणि परत घेतो. केस मात्र तुम्ही ठरवून वाढवत नाही, ते येतात. जिवंत अंगावर निर्जीव केस येतो हेही तिथे दाखवायचंय. म्हणजे ऋषी एकच चित्र हातात देऊन मोकळे होत नाहीत. एकाचं कमी दुसऱ्याने भरून काढतात.

बृहदारण्यकात (२.१.२०) प्रसंग वेगळा आहे आणि मला तो सगळ्यात आवडतो. काशीचा राजा अजातशत्रू आणि गार्ग्य बालाकी. बालाकी विद्वान ब्राह्मण, ‘तुला ब्रह्म शिकवतो’ म्हणून आलेला, आणि शेवटी राजाच त्याला शिकवतो. राजा त्याला एका झोपलेल्या माणसाकडे नेतो. हाका मारल्या, तो उठला नाही. हाताने हलवलं तेव्हा उठला. राजा विचारतो, हा झोपला होता तेव्हा ‘हा’ कुठे होता, आणि आता आला कुठून? उत्तर देताना कोळी येतो. कोळी धाग्यावरून वर येतो, विस्तवातून ठिणग्या उडतात, तसे या आत्म्यातून सगळे प्राण, सगळे लोक, सगळे देव, सगळी भूतं निघतात. लक्षात घ्या, इथे कोळी म्हणजे आकाशातला कुणी देव नाही. सकाळी डोळे उघडता ते तुम्ही. रोज सकाळी तुमचं सगळं जग, नोकरी, ईएमआय, कालचं भांडण, सगळं पुन्हा एकदा विणलं जातं आणि रात्री गाढ झोपेत आत घेतलं जातं. मोबाईल उचलण्याआधी पहिला धागा कुठला निघतो, ते एकदा बघा. फक्त बघा, बदलायचं नंतर.

श्वेताश्वतरात (६.१०) तर ती प्रार्थनाच आहे. जो एक देव कोळ्यासारखा प्रधानाच्या, म्हणजे प्रकृतीच्या, तंतूंनी स्वतःला झाकून घेतो, त्याने आम्हाला ब्रह्मात प्रवेश द्यावा. इथे जाळ्याचं काम बदललं. मुंडकात जाळं म्हणजे निर्मिती होती, इथे ते पांघरूण आहे. जाळं दिसतं, विणणारा दिसत नाही.

मग वेदान्ताने या कोळ्याला का धरून ठेवलं? त्यासाठी आधी कुंभार बघू. आपल्या शाहूपुरीत, गंगावेशीत, बापट कँपात गणपतीआधी कुंभारगल्ल्या भरून जातात. मूर्तीला माती लागते आणि मूर्तिकार लागतो. माती हे उपादान कारण, मूर्तिकार हे निमित्त कारण. दोन वेगळ्या गोष्टी. मूर्ती घरी जाते, मूर्तिकार गल्लीतच राहतो. किंवा इचलकरंजी घ्या. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि गाव कापडाचं झालं. पण तिथल्या मोठ्यात मोठ्या कारखानदारालाही सूत बाहेरून आणावं लागतं. सुताचा भाव वाढला की माग बंद. विणणारा वेगळा, सूत वेगळं.

देव असाच असेल तर पंचाईत होते. मग जगाची ‘माती’ देवाच्या आधीच कुठेतरी पडलेली होती असं होईल, आणि देव म्हणजे एक मोठा कारागीर, जो मूर्ती देऊन गल्लीत परत गेला. तुमच्या दुःखात तो नाही, कारण तो त्या मातीत नाही.

कोळ्याला सूत बाहेरून आणावं लागत नाही. विणणारा तोच, सूतही त्याच्याच अंगातलं. सदानंदांच्या वेदान्तसारात हेच सांगितलंय : कोळी स्वतः म्हणून निमित्त, आणि त्याच्या शरीराकडून उपादान. याला भारी नाव आहे, अभिन्ननिमित्तोपादान. परीक्षा नाही, पाठ नका करू. अर्थ एवढाच की जगाचं सूत देवाच्याच आतलं आहे.

आता तुमच्यातला एखादा बायोलॉजीवाला म्हणेल, कोळी माश्या खातो म्हणून तर धागा होतो, मग बाहेरून काही येत नाही कसं? ही शंका तुमच्या आधी ब्रह्मसूत्रभाष्यात येऊन गेलीय. दुसऱ्या अध्यायात कुंभाराला साधनं लागतात असा आक्षेप आहे, त्यावर शंकराचार्य देवांचा आणि कोळ्याचा दाखला देतात, आणि विरोधक म्हणतो की कोळी बारीक किडे खातो, त्याची लाळ घट्ट होऊन तंतू होतो. आचार्य ते नाकारत नाहीत. ते म्हणतात, आम्हाला इतकंच दाखवायचंय की प्रत्येक करणाऱ्याला कुंभारासारखीच बाहेरची साधनं लागतात असा नियम नाही. दृष्टांत एकदेशी असतो. ज्या बाजूने दिला त्याच बाजूने घ्यायचा.

विज्ञान काय सांगतं तेही बघून घेऊ. धागा तोंडातून निघत नाही, पोटाच्या मागच्या टोकाला छोटे अवयव असतात, तिथून निघतो. म्हणजे भागवतातल्या ‘तोंडातून’पेक्षा ‘ऊर्णनाभ’ हे नाव जास्त जवळ जातं. पण गिळण्याची गोष्ट मात्र खरी आहे. चाकासारखं गोल जाळं विणणारे अनेक कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि तीच प्रथिनं वापरून नवं विणतात, काही तर रोज. पावसाळा संपता संपता पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या वाटेवर भल्या पहाटे गेलात तर दवाने भरलेली अशी जाळी झुडपाझुडपावर दिसतील. काहींच्या मध्यावर पांढरी नागमोडी नक्षी असते आणि मालक त्यावर पाय जोडून बसलेला असतो.

इथून पुढे आजच्या वाचनातलं खरं काम. आपण सगळे सर्रास म्हणतो, ‘माणूस कोळ्यासारखा स्वतःच्याच जाळ्यात अडकतो.’ कीर्तनातही ऐकलंय, व्हॉट्सअ‍ॅपच्या सुविचारांत तर रोज. हे निसर्गाला धरून नाही आणि शास्त्रालाही धरून नाही. कोळी आपल्या जाळ्यात अडकत नाही. त्याचे मध्यापासून बाहेर जाणारे धागे कोरडे असतात, गोल फिरणारे धागे चिकट. तो कोरड्यावरून चालतो, आणि चिकटावर पाय ठेवलाच तर अगदी हलकेच टेकवून उचलतो. अडकते ती माशी.

स्वतःच्या धाग्यात स्वतः अडकणारा किडा वेगळा, आणि भागवताने त्यालाही नाव दिलंय. सहावा स्कंध, पहिला अध्याय, श्लोक ५२, अजामिळाची कथा. तिथे यमदूत जीवाबद्दल बोलतात : सहा विकारांना न जिंकलेला जीव कोशकारासारखा स्वतःला कर्मांनी गुंडाळून घेतो आणि मग त्याला काही सुचेनासं होतं. कोशकार म्हणजे रेशमाचा किडा, आपला कोसला. तोही आतूनच धागा काढतो, तोही स्वतःच विणतो. पण तो धागा आपल्याभोवती गुंडाळतो आणि दार ठेवत नाही. रेशीम काढणारे तो कोष उकळत्या पाण्यात टाकतात.

म्हणजे एकाच ग्रंथात धागा काढणारे दोन किडे आहेत. एक ईश्वराची उपमा, दुसरा बांधलेल्या जीवाची. दोघांची सरमिसळ केली की काय होतं? जाळं म्हणजे वाईट, विणणं म्हणजे पाप, संसार म्हणजे फास, असं मनात बसतं. मग बावीस-चोवीस वर्षांची मुलंमुली विचारतात, नोकरी सोडून आश्रमात जाऊ का, लग्न केलं तर अडकेन का, आईबाबांची माया हे बंधन आहे का. प्रश्न मनापासून असतात, त्यांना हसायचं नाही. कुणाला खरंच संन्यासाची ओढ असेल, तो भाग वेगळा. पण नुसत्या चुकीच्या उपमेवरून एवढा मोठा निर्णय घेऊ नका. अवधूताने कोळ्याला गुरू केलं ते ‘विणू नकोस’ हे शिकायला नाही. कोळी विणतोच. त्याच्याकडे दोन गोष्टी आहेत ज्या कोसल्याकडे नाहीत. आपल्या जाळ्यात कुठे पाय ठेवायचा हे त्याला माहीत आहे, आणि विणलेलं आत घेता येतं.

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त जड जाते. सुरू सगळं करतो, आवरत नाही. रागाने पाठवलेला मेसेज, दहा ग्रुप, तीन ठिकाणी दिलेला शब्द, चार महिन्यांपूर्वी तुटलेल्या नात्याचे जपून ठेवलेले स्क्रीनशॉट. धागे बाहेर लोंबत राहतात, त्यावर धूळ बसते. त्यालाच जळमट म्हणतात. घरातलं जळमट म्हणजे बहुतेक वेळा सोडून दिलेलं जाळं. मालक कधीच दुसरीकडे गेलेला असतो. नवरात्राआधी आपल्याकडे घरं धुतात, वाकळा पंचगंगेवर नेतात, जळमटं काढतात, तेव्हा ‘गुरूचं घर मोडलं’ म्हणून मनाला लावून घेऊ नका. गुरू तिथे नसतातच. जिवंत कोळी दिसला तर मात्र कागदावर घेऊन बाहेर सोडा, एवढं आपण करू शकतो.

इंटरनेटलाही आपण जाळंच म्हणतो, महाजाल, आंतरजाल. गुगलसारखी शोधयंत्रं जगभरच्या साईट वाचायला जे प्रोग्रॅम फिरवतात, त्यांनाही ‘स्पायडर’ नाव आहे. हा कोळी मात्र उलटा. स्वतः एकही धागा काढत नाही, दुसऱ्यांच्या जाळ्यांवर फिरतो. रात्री दोन वाजता रील्स बघताना आपण कुठले कोळी असतो, ते तुमचं तुम्ही ठरवा.

कोळी शाळेतही भेटला होता, रॉबर्ट ब्रूसचा. पडतो, चढतो, पुन्हा पडतो. ‘प्रयत्न सोडू नका.’ चांगली गोष्ट आहे, पण आपल्या ऋषींनी त्याच्या पडण्याकडे बघितलं नाही, धाग्याकडे बघितलं. कुराणात तर एकोणतिसाव्या सूरेचं नावच ‘अल्-अन्कबूत’, कोळी, असं आहे. तिथे त्याच्या घराच्या कमकुवतपणाकडे बोट दाखवलंय : देवाला सोडून ज्यांचा आसरा धरलात, तो आसरा कोळ्याच्या घराइतकाच टिकेल. प्राणी तोच, बघणाऱ्याने बाजू वेगळी निवडली.

भक्तीच्या बाजूने बघायचं तर दक्षिणेत जावं लागतं. आंध्रातलं श्रीकालहस्ती, स्वर्णमुखी नदीकाठचं वायुलिंगाचं स्थान. नावात तिघे भक्त आहेत : ‘श्री’ म्हणजे कोळी, ‘काल’ म्हणजे साप, ‘हस्ती’ म्हणजे हत्ती. कथेतला कोळी शिवलिंगावर जाळ्याचं मंदिर विणायचा. दिव्याच्या ज्योतीने ते जळालं, तर तो ज्योत गिळायला धावला. शिवाने त्याला मुक्ती दिली. तमिळनाडूत तिरुवानैक्कावलची कथा याच्या जवळची आहे. तिथे कोळी लिंगावर पानं पडू नयेत म्हणून जाळं विणायचा, हत्तीला ती घाण वाटायची, तो पाण्याने धुऊन काढायचा. दोघेही भक्त, दोघांची सेवा एकमेकांच्या सेवेच्या आड येणारी. शेवटी भांडणात दोघांनी जीव गमावला. तो कोळी पुढे कोच्चेंगट चोळ राजा झाला, आणि त्याने हत्तीला चढता येणार नाही अशी उंच चौथऱ्यावरची शिवमंदिरं बांधली म्हणतात. मुक्ती मिळण्याइतकी भक्ती, तरी हत्तीवरचा राग दुसऱ्या जन्मापर्यंत पुरला! एकाच मंडळात आरती कोण म्हणणार यावरून तोंड फिरवून बसणाऱ्यांनी ही कथा दोनदा वाचावी.

ज्यांना मराठीतून सविस्तर वाचायचंय त्यांनी एकनाथी भागवताचा नववा अध्याय घ्या. नाथांनी पूर्ण अकराव्या स्कंधावर १८,००० हून अधिक ओव्या लिहिल्या, पैठणला सुरुवात केली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीत पूर्ण केलं. रोज दहा ओव्या जमतील.

उद्याचं वाचन पुढचे दोन श्लोक, २२ आणि २३. चोविसावा गुरू, पेशस्कृत, मातीचं घर करणारी माशी. ती किड्याला घरात कोंडते आणि तो तिचं चिंतन करत करत तिच्यासारखा होतो, असं अवधूत सांगतो. येताना एवढं बघून या : खिडकीच्या चौकटीत मातीची नळीसारखी घरं करणाऱ्या ज्या गांधीलमाश्या असतात, त्यांतल्या काही जणी आत नेमकं काय भरून ठेवतात? कोळी. आपला तेविसावा गुरू बऱ्याचदा चोविसाव्याच्या कोठारात असतो. त्यावर उद्या बोलू.

श्री गुरुदेव दत्त.